कुटुंबासाठी चांगली वस्ती, पण कोणाच्या जिवावर?

पत्र थोडक्यात: वाचक ३७ वर्षांच्या आहेत. लग्नानंतर त्या गिरगावात सासू-सासऱ्यांबरोबर चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होत्या. मुलगी पहिलीत जायच्या वेळी, दोन वर्षांपूर्वी, त्यांनी आणि नवऱ्यानं नवी मुंबईत नेरुळला सिडकोच्या जुन्या वसाहतीत वन बीएचके घेतला. कर्ज दोघांच्या पगारावर आहे. नवऱ्याची कचेरी फोर्टात, यांची परळला. एका विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागात त्या १२ वर्षं काम करताहेत. मुलीची शाळा सकाळची, साडेबाराला सुटते. तिथून व्हॅननं पाळणाघर, तेही साडेसातपर्यंत. ऑगस्टमधल्या एका पावसात हार्बर लोकल बंद पडली, आईवडील दोघंही अडकले आणि मुलगी रात्री अकरापर्यंत पाळणाघरातल्या काकूंकडे राहिली. तेव्हापासून नवरा म्हणतो, वर्षभर नोकरी सोड. सासूबाई म्हणतात, परत या. बाकी सगळे म्हणतात, फॅमिलीसाठी नेरुळसारखी जागा नाही, नशीबवान आहात. "तक्रार करायला जागाच नाही, तरी मी इथे रमत नाही. रविवार आला की आम्ही गिरगावला पळतो. चूक जागेची की माझी?" असं त्या विचारतात.

तुमचं पत्र वाचून मी आधी तुम्हा दोघांच्या गाड्या कागदावर मांडल्या. तुमचे मिस्टर नेरुळला चढतात आणि थेट सीएसएमटीला उतरतात, तिथून चालत कचेरी. तुम्ही नेरुळ ते कुर्ला, कुर्ल्याचा पूल, मग मध्य रेल्वेची धीमी गाडी आणि परळ. परतताना संध्याकाळच्या गर्दीत कुर्ल्याला पनवेल लोकलमध्ये शिरणं काय असतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. थोडक्यात, घर घेताना जी गाडी बघितली गेली ती त्यांची. हे कोणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. 'सीएसएमटी थेट' म्हटलं की घरातले सगळे माना डोलावतात, बहुधा तुम्हीही डोलावली असेल. पण 'नेरुळहून तासाभराचा तर प्रवास' हे वाक्य तुमच्या घरात एकाच माणसाला लागू पडतं, आणि पाळणाघराच्या दारात साडेसातला पोचायची जबाबदारी मात्र दुसऱ्या माणसावर आहे.

चूक जागेची की माझी, असं तुम्ही विचारता. या प्रश्नात तिसऱ्या गोष्टीचं नावच नाही: घरातल्या वेळाची वाटणी कशी झाली आहे. माझं सगळं उत्तर तिच्याभोवतीच फिरणार आहे, तेव्हा जागेबद्दल आधी बोलून घेऊ.

नेरुळबद्दल लोक जे म्हणतात ते खरंच आहे. शाळा चालत जाण्याजोगी. 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'च्या तळ्याभोवती फिरायला रस्ता, मुलांना वंडर्स पार्क. मोरबे धरण महापालिकेच्या मालकीचं असल्यानं पाण्याची ओढाताण आसपासच्या शहरांपेक्षा कमी. चाळीतल्या सामायिक संडासाच्या रांगेतून आलेल्या माणसानं या सोयींना नावं ठेवू नयेत, हेही मला मान्य. पण या वस्तीच्या वेळा बघा. शाळा साडेबाराला सुटते. पालकसभा आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दहाला. सोसायटीचा प्लंबर 'अकरा ते चार कधीही येईल'. सिलिंडर दुपारी. चित्रकलेचा क्लास चारला, बागेतली पोरांची टोळी पाच ते सात. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारी दोनला निरोप येतो की उद्या पिवळा टी-शर्ट आणि एक कुंडी आणा, आणि सव्वादोनला चार आयांनी 'मिळाली, स्टेशनजवळ आहे' असं लिहिलेलंही असतं. हे सगळं वेळापत्रक घरात दिवसा एक मोठं माणूस आहे असं धरून बनलेलं आहे. वस्ती शांत, घरगुती, मुलांसाठी चांगली दिसते ती बऱ्याच अंशी अशा माणसांच्या जिवावर. तुमच्या घरात ते माणूस नाही. नवऱ्याचा सल्ला असा आहे की तुम्ही ते माणूस व्हा.

त्यात गंमत अशी की नवी मुंबई हे शहर रोज खाडी ओलांडून मुंबई गाठण्यासाठी आखलंच नव्हतं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता, आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली ती मुंबईकडे धावणारी गर्दी दुसरीकडे वळवण्यासाठी. १७ मार्च १९७० ला हे शहर उभारण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनीवर नोड, म्हणजे स्वतंत्र उपनगरं, आखले गेले, आणि प्रत्येक नोडमध्ये शाळा, बाजार, बाग जवळ असावी असं ठरलं, कारण रोजगारही जवळच असणार होता. काही आला. घाऊक बाजार तुर्भे-वाशीला आले, कोकण भवन बेलापूरला उभं राहिलं, ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने होतेच. मंत्रालय मात्र नरिमन पॉइंटलाच राहिलं. पुढे १९९२ मध्ये हार्बर रेल्वे वाशीपर्यंत आली आणि माणसं राहायला इकडे, कामाला तिकडे असा शिरस्ता पडला. सेक्टरची आखणी मात्र 'आई-बाबा जवळपासच आहेत' या समजुतीवर चाललीच आहे. तुमची रोजची दमछाक त्या आखणीतल्या फटीत पडलेली आहे. तुम्ही कृतघ्न वगैरे काही नाही.

आता गिरगाव. तिथे तुम्ही नोकरी करत होतात आणि मूलही सांभाळलं जात होतं, म्हणून ती जागा बरी वाटते. पण सांभाळत कोण होतं? सासूबाई, आणि त्यांच्या जोडीला मजल्यावरच्या दोन-तीन बायका, ज्या दार उघडं ठेवून बसायच्या. म्हणजे दिवसा घरी असलेलं माणूस तिथेही होतं, फक्त ते तुम्ही नव्हतात आणि त्याचा हिशेब कोणी मागत नव्हतं. तुम्ही लिहिलंय की सासूबाईंचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. मग परत गेल्यावर दुपारी साडेबाराला मुलीला आणायला त्या उतरणार का? की तुमच्याकडून आता तिघांची देखभाल अपेक्षित असेल? इमारतीच्या पुनर्विकासाचं बोलणं चालू आहे असंही तुम्ही म्हणता. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतीत भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं, ते हातात येईपर्यंत मधली वर्षं दुसरीकडे काढावी लागतात, आणि आल्यावर त्यात तुम्ही पाच जण. मेट्रो ३ आता गिरगावपर्यंत आली, फिरणं सोपं झालं, हे खरं. पण ज्या गिरगावाची तुम्हाला ओढ आहे ते पाच-सहा वर्षांपूर्वीचं आहे. तिथे परत जाऊ नका असं मी म्हणत नाही. जायचं असेल तर आज तिथे कोण काय करू शकतं ते विचारून जा.

नोकरी सोडण्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. वर्षभर सोड, मुलगी मोठी झाली की बघू, हा सल्ला प्रेमानंच दिलेला असतो, पण त्यात वर्षानंतर काय होणार हे कोणीच सांगत नाही. वर्षानं मोठी झालेल्या मुलीची शाळाही साडेबारालाच सुटणार आहे. तुमची बारा वर्षं दाव्यांच्या विभागात गेली आहेत, त्या कामात वर्षभराचा खंड भरून निघतो, पण त्याच पगारावर परत घेतील याची हमी नाही. आणि कर्ज दोघांच्या पगारावर आहे. एकाच पगारात हप्ता गेल्यावर महिन्याला किती उरतं, हे दोघांनी एकत्र बसून लिहिलं आहे का? नसेल तर तो सल्ला अजून सल्ला झालेलाच नाही. आणखी एक विचारते, राग मानू नका: घराच्या करारावर तुमचं नाव आहे ना? कर्जावर सही असणं आणि मालकीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशी पत्रं मला बरीच येतात, म्हणून विचारलं.

सोडायचीच असेल, तुम्हाला स्वतःला या कामाचा कंटाळा आला असेल, तर खुशाल सोडा. त्यात कमीपणा काही नाही. पण तसं तुमच्या पत्रात कुठेच नाही. उलट कामाबद्दल लिहिताना तुमचं अक्षर सुटसुटीत झालंय.

त्या ऑगस्टच्या रात्रीबद्दल. तुम्ही कुर्ल्याच्या फलाटावर चार तास उभ्या होतात आणि त्या चार तासांत तुम्ही मनानं राजीनामा लिहून टाकलात. पण तुम्हीच लिहिलंय की मुलगी वरणभात खाऊन काकूंच्या नातवाशेजारी झोपली होती आणि तिला घरी आणताना जागही आली नाही. भीती खरी होती, ती तुमची होती. मुलीचं त्या रात्री काही बिघडलं नाही, कारण नेरुळमध्ये तुमच्या हक्काचं एक माणूस होतं. ते माणूस एकच आहे, ही खरी अडचण.

म्हणून पहिलं काम अगदी साधं: पावसाळ्याची तजवीज. चुनाभट्टी-कुर्ल्याला पाणी भरणं ही दरवर्षीची गोष्ट आहे. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस मुंबई महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ती यादी फ्रिजवर लावा आणि त्यातल्या प्रत्येक दिवसापुढे दोघांपैकी एकाचं नाव लिहा. मुसळधार पावसाचा इशारा आणि मोठी भरती एकाच दिवशी आली की त्या नावाच्या माणसानं घरून काम करायचं किंवा दुपारीच निघायचं. हार्बर बंद आणि मध्य चालू असेल तर परळहून ठाणे आणि तिथून ट्रान्स-हार्बरनं (ठाण्याहून नवी मुंबईत येणाऱ्या लोकलनं) नेरुळ, हा रस्ता लांबचा पण लक्षात असू द्या. दोन्ही मार्ग एकदम बंद पडतात तेव्हा तोही उपयोगाचा नाही, म्हणून काकूंशी आधीच बोलून ठेवा: अशा रात्री नऊ-दहापर्यंत थांबायचे जास्तीचे पैसे किती, जेवणाचे किती. मोबदला ठरलेला असला की आपल्यालाही फोन करताना ओशाळं वाटत नाही आणि त्यांनाही नाही म्हणायची मोकळीक राहते. शिवाय त्यांच्याखेरीज आणखी दोन घरं हवीत. शाळेला आणि व्हॅनवाल्या काकांना ती नावं लेखी कळवलेली हवीत, नाहीतर ऐनवेळी ते मुलीला कोणाच्याही हवाली करणार नाहीत, आणि करूही नये.

दुसरं काम नवऱ्याचं आहे, म्हणून हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या. त्यांची गाडी थेट आहे. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पाळणाघर त्यांनी गाठायचं, ठरलेल्या वारी, 'जमलं तर' नाही. सकाळी लवकर जाऊन संध्याकाळी लवकर सुटायची मुभा त्यांनी कचेरीत मागितली आहे का? तुम्ही मागितली, साहेबांनी नाही म्हटलं, हे पत्रात आहे. त्यांनी मागितल्याचं नाही. पुरुषानं मुलीला आणायला जायचंय म्हणून पाचला निघायची परवानगी मागितली की पहिल्यांदा चार जण हसतात, दुसऱ्या आठवड्यात कोणी बघतही नाही. शाळेच्या ग्रुपवरही आईऐवजी त्यांचा नंबर घाला. पिवळा टी-शर्ट त्यांनाही सापडेल. महिनाभर हे करून बघा आणि मग नोकरीचा विषय पुन्हा काढा. दोन संध्याकाळी कुर्ल्याची घाई नसेल तर तुमचं मत काय होतं, ते तेव्हा कळेल. आज तुम्ही ठरवलंत तर ते थकव्यानं ठरवलेलं असेल.

तिसरं, नोकरी न सोडता बदलता येते, ही शक्यता तुमच्या पत्रात कुठेच आलेली नाही याचं मला नवल वाटलं. नेरुळहून बेलापूर दोन स्टेशनं. घणसोली, महापे, रबाळे, ऐरोलीच्या कचेऱ्या ट्रान्स-हार्बरवर आहेत. ठाणे-वाशी मार्ग २००४ पासून सुरू आहे आणि ठाण्याहून थेट नेरुळ गाड्याही आहेत. सकाळी त्या मार्गावरची मोठी गर्दी ठाण्याकडून येते, तुम्ही उलट दिशेनं जाल. बँका, विमा आणि त्यांची मागच्या बाजूची कामं करणाऱ्या कंपन्या या पट्ट्यात आहेत. आधी तुमच्याच कंपनीची शाखा इथे आहे का आणि बदली मिळते का ते विचारा, मग बाहेर शोधा. पगार थोडा कमी मिळाला तरी दिवसाचे दोन-अडीच तास परत मिळतील. किती कमी चालेल हे हप्ता समोर ठेवून ठरवा, पण परळची नोकरी 'मोठी' म्हणून धरून बसू नका.

आता न रमण्याविषयी. तुम्ही सोमवार ते शुक्रवार अंधार पडल्यावर नेरुळला येता, शनिवारी धुणीभांडी, बाजार, आणि रविवारी मेगाब्लॉकच्या आधीची गाडी गाठून गिरगावला. दोन वर्षांत तुम्ही नेरुळमध्ये झोपलात, राहिलात कुठे? महिन्यातले दोन रविवार इथे काढा. सासू-सासऱ्यांना त्या दिवशी गाडी करून इकडे बोलवा, मेगाब्लॉकमध्ये लोकलनं नको. सारसोळे किंवा करावे गावातून मासळी आणा, संध्याकाळी मुलीला घेऊन खाली बसा. काहीच करायचं नाही म्हणून बसा.

खाली बसलात की एक गोष्ट लक्षात येईल. ही 'फॅमिली' वस्ती आता वयानं बरीच पुढे गेली आहे. नव्वदच्या दशकात तुमच्यासारखीच लहान मुलं घेऊन जी जोडपी आली ती आज पासष्टी-सत्तरीची आहेत. मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. दिवसभर घरी असणारी, वेळ असलेली, दारात कोणी यावं असं वाटणारी माणसं तुमच्याच जिन्यात आहेत. तुमच्या खालच्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका राहतात असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य ते आहे आणि तुम्ही त्यावर थांबला नाहीत. त्यांना लगेच मुलगी सांभाळाल का असं विचारू नका, ते वाईट दिसेल. आधी ओळख करा, त्यांचं वीजबिल मोबाइलवर भरून द्या, औषधं आणायची असली तर विचारा. गिरगावात हे देणंघेणं सासूबाईंनी चाळीस वर्षांत जमवलं होतं आणि तुम्हाला ते आयतं मिळालं. इथे ते तुम्हाला जमवावं लागेल, पण चाळीस वर्षं लागत नाहीत.

सासू-सासऱ्यांना नेरुळला आणायचं का, असं तुम्ही शेवटी घाईत विचारलंय. तुमच्या वन बीएचकेत नको. जवळपास तळमजल्यावर छोटी जागा भाड्यानं मिळाली तर विचार करण्याजोगं आहे, पण तो त्यांनी करायचा. मुलीला सांभाळायला या, असं म्हणून सत्तरीच्या माणसांना त्यांचा डॉक्टर, त्यांची भाजीवाली आणि त्यांचा कट्टा सोडायला लावू नये. त्यांना स्वतःसाठी यावंसं वाटतं का, हे आधी विचारा. इमारत रिकामी करायची वेळ आली की तसंही कुठेतरी जावंच लागेल. पंधरा दिवस राहायला बोलवा, दिवाळीच्या सुट्टीत नको, शाळा चालू असताना बोलवा. त्यांनाही कळेल, तुम्हालाही.

हे पत्र नवी मुंबईतून आलंय, पण घोडबंदर रोडवरून, खारघरहून, डोंबिवलीहूनही अशीच येतात. ज्यांचं घर अजून ठरायचं आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. एजंट घर दाखवायला रविवारी सकाळी अकराला नेतो, आणि त्या वेळी कुठलंही स्टेशन दहा मिनिटांवरच असतं. शक्य असेल तर आधी अकरा महिन्यांच्या करारावर त्याच वस्तीत भाड्यानं राहा. घर विकत घेऊन मग चुकलं म्हणून बदलायचं तर मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली आणि सिडकोच्या घरांना लागू असेल तर हस्तांतर शुल्क, हे सगळं पुन्हा भरावं लागतं. भाड्यानं राहणं जमत नसेल तर टोकन देण्यापूर्वी नवरा आणि बायको दोघांनीही आपापल्या कचेरीतून सुटायच्या वेळी, जुलैतल्या एखाद्या कामाच्या दिवशी त्या घरापर्यंत येऊन बघावं. वेगवेगळं यावं, एकाच्या गाडीतून दोघांनी नाही. आणि पाळणाघर किती वाजेपर्यंत चालतं हे एजंटला विचारू नका, पाळणाघरात जाऊन विचारा.